जिव्हाळी

॥ श्री गुरुभ्यो नमः ॥
*रविवारचं चिंतन*



मागच्या रविवारी अहिंसेवरचं चिंतन गेलं. त्यावर बेळगावच्या एका ताईंनी प्रश्न पाठवला. त्यांचे सासरे औषध घ्यायला तयार होत नाहीत, तोंड घट्ट मिटून घेतात. मग दोघांनी हात धरून, गाल दाबून गोळी द्यावी लागते. ताई लिहितात, "गोळी दिली नाही तर त्यांना त्रास होईल, आणि देताना त्यांच्या डोळ्यांत जे दिसतं ते मला रात्री झोपू देत नाही. काया-वाचा-मने अहिंसा म्हणतो आपण. मग मी रोज करते ती हिंसा का?"

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी कोणी ज्ञानी माणूस नाही. पण याच प्रश्नाने गेलं वर्षभर माझीही पाठ सोडलेली नाही, आणि तो मला शिकवला आमच्या घरातल्या एका सशाने. म्हणून आज सशाच्या नखांबद्दल लिहितो. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

*चिकूची अठरा नखं*

दोन वर्षांपूर्वी आमच्या इंदूरच्या घरी नातीच्या हट्टाने ससा आला. रंग चिकूसारखा, म्हणून नाव चिकू. सशाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी एकूण १८ नखं असतात. ती आपल्या नखांसारखी जन्मभर वाढतात. मोकळ्या जमिनीवरचा ससा दिवसभर माती उकरतो, पळतो, बिळं खणतो. त्यात नखं आपोआप झिजतात. आमच्या घरात माती कुठली? सगळीकडे गुळगुळीत टाइल. तिथे नख झिजत नाही, नुसतं लांबत जातं. मग ते सतरंजीत अडकतं, उपटलं जाऊ शकतं. शिवाय पाऊल सरळ टेकत नाही, भार मागच्या टाचेवर येतो. सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. ते झिजले की टाचेला जखम होते.

म्हणजे नखं कापायलाच हवीत. साधारण महिना-दीड महिन्यातून एकदा. घरी मुलगा आणि सूनबाई नोकरीवर, मी निवृत्त. हे काम माझ्याकडे आलं.

आपल्यातलेच एक काका मला म्हणाले होते, "कशाला त्या जिवाला छळायचं? निसर्गाने दिलेली नखं, निसर्ग बघून घेईल." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. निसर्गाने नखं दिली तेव्हा माती पण दिली होती. ती माती आपण काढून घेतली आणि खाली टाइल घातली. आता नखं कापणं म्हणजे चिकूवर उपकार नाहीत. त्याचं जे आपण घेतलं, त्याची ती फेड आहे. जो जीव आपण आपल्या चार भिंतींत आणला, त्याचं "निसर्ग बघून घेईल" म्हणणं म्हणजे हात झटकणं झालं.

पण चिकूला हे कोण सांगणार? त्याला उचललं की तो झाडून लाथा मारायचा. ससा हा शिकार होणारा प्राणी. त्याला जमिनीवरून कोणी उचलतं ते खाण्यासाठीच, हे त्याच्या रक्तात आहे. पहिल्याच खेपेला माझा हात हलला आणि कात्री खोल गेली. नखाच्या आत एक जिवंत भाग असतो, त्यात रक्तवाहिनी आणि संवेदना असते. आपण त्याला जिव्हाळी म्हणतो. चिकूची नखं काळी, आतलं काही दिसत नाही. जिव्हाळी कापली गेली, रक्त आलं. चिकूने आवाज केला नाही, फक्त अंग आखडून घेतलं. नात रडली. मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

*"समाधी लागते त्याला"*

मग मला मोबाइलवर एका व्हिडिओत युक्ती सापडली. सशाला मांडीवर अलगद उताणा करायचा, डोकं जरा मागे झुकवायचं. अर्ध्या मिनिटात तो निपचित पडतो. पाय सैल, हालचाल नाही. आरामात सगळी नखं कापून घ्या!

करून बघितलं, आणि खरंच! जो चिकू दोन माणसांना आवरत नव्हता तो कापसाच्या बाहुलीसारखा पडून राहिला. मला तर साक्षात्कारच झाल्यासारखं वाटलं. गुरुवारी सत्संगाला लोक आले की मी मुद्दाम करून दाखवायचो. "बघा, समाधी लागते त्याला. आपल्या घरातली स्पंदनंच तशी आहेत." लोक कौतुक करायचे. हे लिहिताना आज लाज वाटते, पण लिहायला हवं.

आठ-नऊ महिने असं चाललं. एकटी नात म्हणायची, "आबा, ये डर रहा है." मी म्हणायचो, "अगं, घाबरला असता तर पळाला असता." ती म्हणायची, "पण त्याचे डोळे बघा ना." खरं होतं, डोळे सताड उघडे असायचे. आणि खाली सोडला की चिकू सोफ्याखाली जाऊन मागचा पाय धाडकन जमिनीवर आपटायचा, संध्याकाळपर्यंत बाहेर यायचा नाही. मी म्हणायचो, लाडावलाय.

मग त्याच्या टाचेवरचे केस गेले, कातडी लाल दिसू लागली, म्हणून पशुवैद्य बाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, नखं कोण कापतं? मी अभिमानाने त्याला टेबलावर उताणा केला. बाईंनी माझे शब्द पुरे होऊ दिले नाहीत. चिकूला चटकन सरळ केला, छातीशी धरला आणि म्हणाल्या, "काका, हा शांत झालेला नाही. हा मेल्याचं सोंग घेतोय. कारण त्याला वाटतंय की आता आपण मरणारच."

*कोंबडी, रेघ आणि भीती*

घरी आल्यावर मी मुलाला बसवून हे सगळं वाचून घेतलं. शिकाऱ्याने पकडल्यावर, सुटायचा काहीच मार्ग उरला नाही की अनेक प्राणी असे गोठतात. कोंबडी गोठते, ससा गोठतो, शार्क मासासुद्धा उलटा केला की निपचित होतो. शास्त्रज्ञ याला टॉनिक इम्मोबिलिटी म्हणतात. हलणं थांबलं की कधी कधी शिकारी पकड सैल करतो. तेवढीच शेवटची आशा.

गंमत म्हणजे माणूस याला फार जुन्या काळापासून फसत आलाय. १६४६ मध्ये रोममधल्या किर्शर नावाच्या एका विद्वान धर्मगुरूने आपल्या ग्रंथात कोंबडीचा प्रयोग लिहून ठेवला. कोंबडीचे पाय बांधून तिला जमिनीवर दाबायचं, डोळ्यांसमोर खडूने एक रेघ ओढायची आणि दोरी सोडायची. कोंबडी तशीच पडून राहते. किर्शरला वाटलं, कोंबडी त्या रेघेलाच दोरी समजते. पुढे कितीतरी वर्षं लोक याला संमोहन म्हणत राहिले. सशांच्या बाबतीत २००६ मध्ये संशोधकांनी हाच प्रश्न तपासला, की हा विसावा आहे की भीती? उताणं करण्याआधीचं आणि नंतरचं वागणं पाहिलं, शरीरातल्या ताणाच्या खुणा मोजल्या. निष्कर्ष भीतीकडेच गेला.

म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीला जे नुसते डोळे बघून कळलं, ते मला चाळीस वर्षं ध्यानाला बसून कळलं नाही.

खरोखर निवांत झालेला ससा कसा दिसतो हे आता मला माहीत आहे. तो कुशीवर लांब पसरतो, मागचे पाय सोडून देतो, कधी हळूच दात घासल्यासारखा आवाज करतो. खुश असला की हवेत उडी मारून अंगाला पीळ देतो. हे तो कोणी दाबून धरलेलं नसताना करतो. शांती आणि गोठणं यांत हाच फरक आहे. दोन्ही बाहेरून स्थिर दिसतात. पण शांत असलेल्याला उठून जायची मोकळीक असते, तरी तो जात नाही. गोठलेल्याला जाताच येत नाही.

*मग चूक नेमकी कोणती?*

इथे मी बरेच दिवस अडकलो. वाटलं, काकाच बरोबर होते, नखं कापायलाच नको होती.

पण तसं नाही. नाथांची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे: गंगेची कावड रामेश्वराला नेताना वाटेत तहानेने तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी ते पाणी त्याला पाजलं. करुणेचा तो फार मोठा प्रसंग. पण एक गोष्ट लक्षात घ्या, गाढवाला पाणी हवंच होतं. आपल्यासारख्या घरगुती माणसांची परीक्षा बहुतेक वेळा वेगळी असते. ज्याचं भलं करायचं त्यालाच ते नको असतं. पोराला इंजेक्शन नको असतं, म्हाताऱ्या माणसाला अंघोळ नको असते, सशाला कात्री नको असते.

१९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत होतं, बरं होण्याची आशा नव्हती. गांधीजींनी डॉक्टरकडून इंजेक्शन देववून त्याचा अंत करवला. अहिंसेचं व्रत घेतलेल्या माणसाने हे केलं म्हणून देशभरातून संतापाची पत्रं आली. गांधीजींनी 'नवजीवन'मधून लोकांना तोंड दिलं. शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याच्या सुरीत हिंसा नसते, तसंच इथेही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. सगळ्यांना ते पटलं नाही, आजही पटणार नाही. पण एवढं तरी त्यातून घेता येतं की नुसतं हात न लावणं म्हणजे अहिंसा नाही. कधी हात लावावा लागतो.

तेव्हा चिकूची नखं कापली ही माझी चूक नव्हती. त्याच्या मनाविरुद्ध कापली हीसुद्धा नव्हती, कारण दुसरा इलाज नव्हता. माझी चूक ही, की मी त्याच्या भीतीला शांती असं नाव दिलं. आणि ते नाव देण्यात माझा फायदा होता. तो घाबरलाय असं मानलं असतं तर मला थांबावं लागलं असतं, दुसरी वाट शोधावी लागली असती, वेळ गेला असता. "समाधी लागली" म्हटलं की सगळं सोपं. नखंही कापून होतात आणि वर कौतुकही.

*आईचा शनिवार*

आता जे लिहितो ते लिहावं की नाही, असं बरेच दिवस मनात होतं.

माझी आई ८८ वर्षांची आहे. गेली चार वर्षं तिची स्मृती जात चालली आहे. नातवंडांची नावं आठवत नाहीत, मला कधी ती दादा म्हणते, तिच्या भावाला म्हणायची तसं. तिची नखं मीच कापतो. वाढू देऊन चालत नाही, कारण तिला हात खाजवायची सवय आहे आणि कातडी कागदासारखी पातळ झालीय, लगेच रक्त येतं.

मी नेलकटर काढलं की ती विचारते, "आज शनिवार ना रे?"

आमच्याकडे शनिवारी नखं कापत नाहीत, दिवेलागणीनंतर तर नाहीच नाही. मी कॅलेंडर दाखवायचो. "नाही आई, आज बुधवार आहे." ती हात मागे घ्यायची. मी मनगट धरायचो. ती ओढायची, मी जरा घट्ट धरायचो. दुखेल इतकं नाही, पण सुटणार नाही इतकं. थोड्या वेळाने तिचा हात सैल पडायचा आणि ती भिंतीकडे बघत राहायची. मी सूनबाईला हाक मारून सांगायचो, "झाली शांत. उगाच सुरुवातीला कटकट करते."

पशुवैद्य बाईंकडून आलो त्या रात्री मला चिकूचे डोळे आठवत होते. आठवता आठवता ते आईचे झाले.

तेव्हा मला कळलं की आईचा वार चुकत नव्हता. दुसऱ्याला नाही म्हणायचे सगळे शब्द तिच्याजवळून गेले होते, एक शनिवार उरला होता. आणि मी दर वेळी कॅलेंडर दाखवून तिचा तेवढा एक शब्दही खोटा पाडत होतो.

*आता काय करतो*

चिकूच्या बाबतीत बाईंनी शिकवलं तसं करतो. त्याला उचलत नाही. त्याच्याच कोपऱ्यात, जाड सतरंजीवर त्याच्या शेजारी बसतो. नात समोर कोथिंबीर धरते. गरज पडली तर अंगाभोवती टॉवेल सैलसर गुंडाळतो आणि मागच्या भागाला आधार देतो. कारण सशाचे मागचे पाय इतके जोरदार असतात की अधांतरी झटका मारला तर त्याचंच पाठीचं हाड मोडू शकतं. काळ्या नखामागे टॉर्च धरली की जिव्हाळी सावलीसारखी दिसते, तिच्या अलीकडे थोडंसं कापतो. एका दिवशी दोन-तीन नखं, बस. तो उठून गेला तर जाऊ देतो. कधी रक्त आलंच तर कापसावर कॉर्नफ्लोअर घेऊन काही मिनिटं दाबून धरतो. पूर्वी १० मिनिटांत व्हायचं ते काम आता आठवडाभर चालतं.

आईच्या बाबतीतही तसंच. कोमट पाण्याच्या वाटीत तिची बोटं बुडवून बसतो. नखं मऊ होतात आणि पाणी तिला आवडतं. तिच्या माहेरच्या, ग्वाल्हेरच्या वाड्याच्या गोष्टी काढतो. एक-दोन नखं होतात. ती म्हणाली, "आज शनिवार ना रे?" की मी म्हणतो, "हो आई, विसरलोच. उद्या कापू." आणि नेलकटर ठेवून देतो.

यावर कोणी म्हणेल की हे तर खोटं बोलणं झालं. विचार केला मी त्यावर. ती मला वार विचारतच नाहीये. ती विचारतेय, माझं अजून या घरात कोणी ऐकतं का? त्याचं खरं उत्तर "हो" हेच आहे.

पण सगळं गोड झालं असं समजू नका. गेल्या महिन्यात लागोपाठ तीन दिवस शनिवार होता. चौथ्या दिवशी सकाळी तिने दंडावर खाजवून रक्त काढलं होतं. मी तिच्यासमोर बसलो आणि सरळ सांगितलं, "आई, आज शनिवार असला तरी दोन नखं कापावी लागणार. तुला आवडणार नाही. माझ्यावर रागव." हात धरला आणि ज्या दोन बोटांनी ती खाजवते तेवढीच नखं कापली. ती ओरडली. "दुष्ट आहेस! दादाला सांगते तुझं नाव!" म्हणाली.

मी दोन नखांवर थांबलो. हात जोडून तिला म्हटलं, चुकलं. ती दुपारपर्यंत बोलली नाही. संध्याकाळी माझ्या हातून दूधभात खाल्ला.

तिच्या मनाविरुद्ध केलंच मी त्या दिवशी. पण ती भिंतीकडे बघत गोठली नाही, रागावली. माझ्यावर ओरडलं तरी चालतं, एवढा भरवसा तिला परत आला होता. त्या पूर्वीच्या "शांत" बसण्यापेक्षा तिच्या शिव्या मला लाख पटीने बऱ्या वाटल्या.

*ताईंना*

ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. गोळी द्यावी की नाही हे डॉक्टरांनाच विचारा. तीच गोळी पातळ औषधाच्या रूपात मिळते का, वेळ बदलता येते का, सगळ्याच गोळ्या आता गरजेच्या आहेत का, हेही त्यांना स्पष्ट विचारा. अनेकदा आपण विचारतच नाही, कारण गाल दाबायची सवय झालेली असते.

एवढं करूनही द्यावीच लागली तर द्या. पण मला माझ्या अनुभवातून तीन गोष्टी जपाव्याशा वाटतात. जितकं अगदी गरजेचं तितकंच करावं, दोन नखांचं काम असेल तर दहा कापू नयेत. करण्याआधी सांगावं आणि केल्यावर माफी मागावी, समोरच्याला कळो न कळो. आणि त्यांच्या गप्प होण्याला होकार समजू नये.

तुम्हाला रात्री झोप येत नाही म्हणता. ती अस्वस्थता घालवायच्या मागे लागू नका. माझी नऊ महिने घालवली होती मी, छान झोपत होतो. त्या नऊ महिन्यांतच माझ्या हातून जास्त हिंसा झाली.

नखाच्या आतल्या त्या जिवंत भागाला आपण जिव्हाळी म्हणतो, आणि माणसाच्या आतल्या ओढीला जिव्हाळा. शब्द अगदी शेजारचे आहेत. नख कापावंच लागतं. पण जिव्हाळी कुठे सुरू होते ते दर वेळी उजेड धरून बघायला हवं.

*या आठवड्याचा अभ्यास:* घरात जो सगळ्यात कमी बोलतो त्याच्याजवळ रोज १० मिनिटं बसावं. लहान मूल असो, म्हातारं माणूस असो, नवी सून असो की मुका प्राणी. काही शिकवू नये, समजावू नये. तो शांत आहे की गोठलेला आहे, एवढंच बघावं. जे दिसेल ते पुढच्या गुरुवारच्या सत्संगात सांगावंसं वाटलं तर सांगा, नाहीतर मनात ठेवा.

घरातल्या मुलांना हे अवश्य वाचून दाखवा. त्यांना आपल्या आधी कळतं.

सर्वांना सप्रेम नमस्कार 🙏
॥ श्रीगुरुचरणी अर्पण ॥